चक्रीवादळ समुद्रात, आजार आपल्या गावात

टीव्हीवर चक्रीवादळाचा नकाशा फिरू लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, हे कोकणवाल्यांचं आणि आंध्रवाल्यांचं संकट. परभणीला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. परभणीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास आणि बंगालचा उपसागर साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. इतक्या लांब वादळाचा वारा येत नाही. पण पाणी येते आणि पाण्याच्या मागून आजार येतात. हे कसे होते ते समजून घ्यायला थोडा इतिहास पाहू.

सुरुवात अगदी अलीकडच्या उदाहरणाने करतो. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकले. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राच्या कोमट पाण्यातून मिळणारी वाफ बंद होते आणि त्याचा वारा मंदावतो. त्याने आधीच उचललेली वाफ मात्र ढगांत शिल्लक असते. हा ओला गोळा तेलंगणातून पश्चिमेकडे सरकला आणि २७-२८ तारखेला मराठवाड्यावर रिता झाला. गोदावरी, पूर्णा, मांजरा सगळ्या फुगल्या. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस त्यात गेली आणि माणसे दगावली. पुढे हेच उरलेसुरले वादळ गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा ताकद मिळवून त्याने 'शाहीन' हे नवे नाव घेतले आणि ३ ऑक्टोबरला थेट ओमानवर आदळले. म्हणजे वादळाने अख्खे हिंदुस्थान ओलांडले आणि वाटेत आपले सोयाबीन भिजवून गेले.

या बसच्या निमित्ताने एक गोष्ट सांगतोच. घोट्याच्या वर, म्हणजे अर्धा फूट वाहते पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकते. फूटभर पाण्यात छोटी मोटार तरंगू लागते. पुलावरून पाणी चालले असेल तेव्हा "मागच्या पावसात गेलो होतो की" हा हिशेब कामाचा नसतो, कारण पाण्याखाली पूल आहे की खचला आहे हे दिसत नाही.

हैदराबादची चिंच

सप्टेंबरच्या याच तारखांना, ११३ वर्षांपूर्वी, असेच एक वादळ बंगालच्या उपसागरातून आत आले होते. साल १९०८. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती आणि राजधानी हैदराबाद. २६ सप्टेंबरच्या सुमारास पाऊस सुरू झाला. मुसी नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी दोन दिवसांत पंधरा इंचांहून जास्त पाऊस पडला. खोऱ्यातले दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले. २८ तारखेच्या सकाळी नदी शहरात शिरली. सुमारे पंधरा हजार माणसे मेली असे मानले जाते. समुद्र तिथूनही जवळ नव्हताच.

नदीकाठी अफझलगंजचा सरकारी दवाखाना होता. वीसेक वर्षांपूर्वी क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेवर हैदराबादेत जे गाजलेले प्रयोग झाले, त्यांच्याशी याच दवाखान्याचे नाव जोडलेले. भूल देण्याच्या इतिहासात मान असलेली ही इमारत पुरात उद्ध्वस्त झाली. आवारातल्या चिंचेच्या झाडावर मात्र दीडशेच्या आसपास माणसे चढून बसली आणि वाचली. पुढे त्याच जागी उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. चिंच जपली गेली, आणि २८ सप्टेंबरला लोक तिच्या सावलीत पुराची आठवण म्हणून जमत आले आहेत.

निजामाने मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. त्यांच्या आराखड्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे झाली. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी शहराला नळाचे स्वच्छ पाणीही दिले. माझ्या मते या पुराची सार्वजनिक आरोग्यातली खरी कमाई तीच.

हवामान खाते कशातून जन्मले

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून तो बनवला. (पाऊस उघडल्यावर आमच्याकडे साप चावलेले रुग्ण किती येतात ते पाहता नाव चपखल आहे.) नाव मिळाले, पण इशारा देणारे कोणी नव्हते. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर आलेल्या वादळात सुमारे साठ हजार माणसे गेली. दोन वर्षांनी ओरिसात पाऊस दगा देऊन भीषण दुष्काळ पडला. या दोन धक्क्यांनंतर सरकार हलले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय आधी कलकत्ता, मग शिमला आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. पुण्यात रिक्षावाल्याला 'सिमला ऑफिस' म्हटले की तो बरोबर शिवाजीनगरला सोडतो, ते याचमुळे.

खाते वर्षाचे होते न होते तोच ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यावर वादळ आले. लाटेत एक लाखाच्या आसपास माणसे बुडाली. डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. जवळजवळ तितकीच माणसे त्यानंतरच्या आठवड्यांत, कॉलरा आणि उपासमारीने मेली. पिण्याच्या तळ्यांत खारे पाणी, मेलेली जनावरे आणि मैला गेला होता. लोक तेच पाणी प्याले. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातल्या तळ्याच्या पाण्यात दाखवून दिला तो १८८४ साली, म्हणजे आठ वर्षे उशिरा.

इशारा वेळेवर मिळाला आणि लोकांनी मानला तर काय फरक पडतो हे ओडिशाने दाखवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा आधीच दहा लाखांच्या घरात लोक हलवले होते, आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला.

जाता जाता, एका न झालेल्या वादळाबद्दल. १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख लोक मेले असे अनेक पुस्तकांत आणि यादीत छापलेले सापडेल. संशोधकांनी शोध घेतला तेव्हा असे वादळ झालेच नव्हते असे निघाले. कोणीतरी एकदा लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले. व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची ही फॉरवर्ड पोस्ट! तेव्हा "उद्या परभणी बुडणार" असा संदेश आला तर पुढे ढकलण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघा.

तो अंदाज वाचायचा कसा? जिल्ह्याला दिलेला रंग सगळ्यांनाच दिसतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. शब्दांनाही ठरलेली मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अति जोरदार' आणि २०४.५ च्या वर 'अत्यंत जोरदार'. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामान सल्ला शेतकरी पिकासाठी वाचतात. माझी विनंती अशी की तो घरातल्या रुग्णासाठीही वाचा. नारंगी रंग दिसला आणि घरी डायलिसिसचा रुग्ण असेल, इन्सुलिन संपत आले असेल, किंवा सुनेला नववा महिना असेल, तर नाल्याला पाणी यायच्या आधी तालुक्याला पोहोचा. रस्ता बंद झाल्यावर रुग्णवाहिकाही येऊ शकत नाही.

साखर-मिठाच्या पाण्याची वंशावळ

१२-१३ नोव्हेंबर १९७० ला पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आले. तीन ते पाच लाख माणसे मेली. मदतीत झालेल्या हेळसांडीने तिथला राग वाढला, महिन्याभराने निवडणुका झाल्या आणि मार्च १९७१ मध्ये युद्ध पेटले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून ते पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले. तोवर अनेक बड्या डॉक्टरांचा तोंडाने द्यायच्या पाण्यावर विश्वास नव्हता. छावणीतला मृत्युदर वीस-तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. आज मेडिकलमध्ये मिळणारे ओआरएस याच पुड्यांचे नातवंड. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो, म्हणून आधी चव घ्या: अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या.

हवामान खाते पुढच्या काही दिवसांचे सांगते. वादळी पावसानंतरचा आमचा अंदाज सहा-सात आठवड्यांचा असतो. पहिल्या दोन दिवसांत विजा, बुडणे आणि साप. सप्टेंबरअखेर सोयाबीनच्या गंजीखाली कोरडी जागा असते, साप आणि विंचू तिथेच बसतात. हात घालण्याआधी काठीने हलवा. साप चावल्यावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, अवयव स्थिर ठेवून सरकारी दवाखाना गाठा, तिथे सर्पदंशाची लस असते. विंचवावरही उपचार आहे. प्राझोसिनच्या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू रोखता येतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी दाखवले, आणि ते मूळचे आपल्या मराठवाड्याचे.

पहिल्या आठवड्यात जुलाब-उलट्या. विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर जलसुरक्षकाकडे टीसीएल पावडर टाकली का, ओटी टेस्ट केली का, असे स्पष्ट विचारा. तोपर्यंत पाणी उकळून प्या. पाण्याला चांगली उकळी फुटली पाहिजे, नुसते कोमट करून उपयोग नाही. एक ते दोन आठवड्यांत चिखलात अनवाणी काम केलेल्यांना ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो. "मी चिखलात होतो" हे डॉक्टरला आपणहून सांगा. त्याच सुमारास डबक्यांतून डासांची नवी पिढी बाहेर पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून डेंग्यूचे ताप सुरू होतात. अशा तापात पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन मनाने घेऊ नका.

सगळ्यात उशिरा, दोन ते सात-आठ आठवड्यांनी, कावीळ येते. तोवर वादळाचे नावही कोणाला आठवत नसते, म्हणून तिचा संबंध त्या पाण्याशी कोणी जोडत नाही. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ बहुतेकांना आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. तिचे डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्याच्या औषधात आठवडा घालवू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात दाखवा.