तणनाशक, जंतु आणि मासा

बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यांत माशांच्या जातींबरोबर त्यांना द्यावयाच्या चाऱ्याचाही विचार आहे. माशाची निगा अन्नापासून सुरू होते, ही जाण दख्खनमध्यें इतकी जुनी आहे. परंतु पाण्यांतच विष उतरलें तर निव्वळ चाऱ्यानें मासा तरेल काय, हा प्रश्न विसाव्या शतकानें निर्माण केला.

नाशिक जिल्ह्यांत त्याचें मर्म सहज उमगतें. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं, नांदूर मध्यमेश्वर येथें, त्या शतकाच्या आरंभीं बंधारा झाला. त्यामागील उथळ पाणी मासे व पक्षी यांचें माहेर बनलें. २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर पाणथळ म्हणून तें जाहीर झालें. सभोंवार द्राक्षें, ऊंस आणि कांदा यांची शेती आहे. अशा मुलखांत तणांवर फवारलेलें औषध पावसाबरोबर ओढ्यांतून खालच्या पाण्यांत आणि तळ्यांत उतरूं शकतें.

रानांतला मासा निदान दूर पळूं शकतो. तळ्यांतल्या माशाला तीही वाट नाहीं. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं पीयूषग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचें प्रजनन साधलें. त्यानंतर रोहू, कटला व मृगळ यांचें बीज तळ्यांसाठीं मुबलक मिळूं लागलें. मासा मात्र अन्न व पाणी या दोहोंसाठीं पालकाच्या स्वाधीन झाला.

रासायनिक तणनाशकांचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्यानें झाला. १९७० सालीं अमेरिकेंत जॉन फ्रान्झ यांनीं ग्लायफोसेटचा तणनाशक गुण ओळखला. १९७४ सालीं तें बाजारांत आलें. वनस्पतींच्या ज्या जीवनक्रियेवर तें घाव घालतें ती प्राण्यांत नाहीं. म्हणून तें जनावरांना निर्धोक, असा समज रूढ झाला. परंतु तीच क्रिया अनेक जंतूंत असते, आणि माशाच्या आंतड्यांत जंतूंचीच वस्ती असते. शिवाय औषध पानावर पसरावें म्हणून त्यांत मिसळलेलीं कांहीं साबणासारखीं द्रव्यें माशांना मूळ औषधाहून अधिक घातक ठरलीं.

जंतूंच्या उपकाराची कथा याहून जुनी आहे. दह्यांतील जंतु आंतड्यांना हितकारक होत, असें मेचनिकॉफ यांनीं १९०७ सालीं प्रतिपादिलें. १९८० नंतर हाच विचार मत्स्यपालनांत शिरला. बॅसिलस, लॅक्टोबॅसिलस व यीस्ट हीं चाऱ्यांत मिसळूं लागलीं. त्यांनाच प्रोबायोटिक म्हणतात. तणनाशकाच्या संपर्कांत ठेवलेल्या माशांना असा चारा दिल्यास यकृत व रक्त यांवरील आघात कांहीं अंशीं सौम्य होतो, असें अनेक चाचण्यांत दिसलें आहे.

तथापि चारा माशाला बळ देतो. पाण्यांतलें विष तो काढीत नाहीं. पाऊस तोंडावर असतां फवारणी न करणें, शेत व तळें यांमध्यें गवताचा पट्टा राखणें आणि फवारणीचा पंप तळ्यांत न धुणें, हे खरे उपाय होत. सोमेश्वराच्या काळीं चारा निवडणें पुरेसें होतें. आजच्या पालकाला चाऱ्याआधीं पाणी राखावें लागतें.