घाव सोसणारी मोटार

इंग्लंडमध्ये शेफील्डच्या केल्हॅम आयलंड संग्रहालयात 1905 साली बांधलेले ‘रिव्हर डॉन’ नावाचे वाफेचे इंजिन आजही फिरवून दाखवतात. शक्ती 12,000 अश्वशक्ती. पण थक्क करतो तो त्याचा दुसरा गुण: एवढे अवजड धूड अवघ्या दोन सेकंदांत उलट फिरू लागते. युद्धनौकांच्या चिलखतासाठी तापवलेला पोलादी ठोकळा दोन रोलरांमधून पुढे जाई, मग मागे येई, मग पुन्हा पुढे. प्रत्येक फेरीला इंजिनाने दिशा बदलायची. हे इंजिन 1978 पर्यंत कामावर होते.

मग त्याच काळात विजेची मोटार या कामाला का लावली जात नव्हती? मोटारीत बळ नव्हते म्हणून नव्हे. अडचण वीजघराची होती. ठोकळा रोलरांत शिरताच विजेची मागणी जवळजवळ शून्यावरून हजारो अश्वशक्तींवर उडी घेई आणि काही सेकंदांनी तितक्याच झपाट्याने खाली येई. असे हिसके दिवसभर सोसणे त्या काळच्या लहान वीजघरांना परवडणारे नव्हते.

यावर तोड काढली कार्ल इल्ग्नर या जर्मन अभियंत्याने. हॅरी वॉर्ड लिओनार्ड या अमेरिकनाने 1891 मध्येच एक रचना मांडली होती: मुख्य मोटारीला तिचा स्वतःचा जनित्र द्यायचा आणि त्या जनित्राचे चुंबकीय क्षेत्र कमी-अधिक वा उलट करून मोटारीचा वेग व दिशा हवी तशी बदलायची. इल्ग्नरने या जोडीच्या मधोमध कित्येक टनांचे एक फ्लायव्हील बसवले. वीजघराकडून वीज घेणारी मोटार हे चाक शांतपणे फिरवत राही. घाव पडला की ती मोटार मुद्दाम थोडी मंदावू दिली जाई, आणि चाकात साठलेली गती घावाचा भार उचले. घाव सरला की चाक पुन्हा वेग घेई. वीजघराला हिसका बसतच नसे. आपल्याकडे जात्यावर बसणारीला हे तत्त्व अभियंत्याआधी ठाऊक होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मूळ योजना खाणींतील पाळण्यांसाठी होती, कारण खोल विहिरीतून कोळसा वर खेचतानाही पहिला हिसकाच जीवघेणा असतो. 1906 मध्ये ती तेव्हाच्या ऑस्ट्रियन सायलेशियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) त्रिनेत्स येथे उलट-सुलट फिरणाऱ्या रोलिंग मिलला जोडली गेली. पोलाद घडवणारी विद्युतमोटार इथून पुढे वाफेला मागे सारत गेली.

आता साठ वर्षे पुढे, अमेरिकेत. पोलाद उद्योग जुन्या ओपन-हर्थ भट्ट्या सोडून ऑक्सिजनच्या भट्ट्यांकडे वळत होता, आणि या नव्या भट्ट्यांना भंगार कमी लागे. जुन्या मोटारगाड्यांचे भाव कोसळले. शिवाय दाबून गठ्ठा केलेल्या गाडीत तांब्याच्या तारा राहत, आणि तांबे मिसळलेले पोलाद गरम असताना लाटले तर त्याला भेगा पडतात. गाद्या आणि तारांची वेष्टने जाळून टाकण्यासाठी गाड्या उघड्यावर पेटवल्या जात. रस्तोरस्ती सांगाडे साचले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 1965 मध्ये सही केलेल्या महामार्ग सुशोभीकरण कायद्यात रस्त्याकडेच्या भंगार-आवारांसाठी वेगळी तरतूद करावी लागली, यावरून प्रश्नाचा आकार कळतो.

उत्तर टेक्सासमधून आले. ह्यूस्टनचे प्रोलर बंधू आणि सान अँटोनिओचे ऑल्टन न्यूवेल यांनी आख्खी गाडी फाडणारी हातोड्यांची यंत्रे उभी केली. अवजड रोटर, त्याला लोंबकळणारे मँगनीज-पोलादाचे हातोडे, शेजारी मोटार. गाडी एका उतारावरून, रोलरांच्या पकडीत, बेताबेताने आत सरकते आणि मिनिटाभरात मुठीएवढ्या तुकड्यांत बाहेर पडते. लोखंड चुंबक वेगळे करतो, हलका कचरा हवा उडवून नेते.

इथे इल्ग्नरची आठवण व्हावी. श्रेडरला वेगळे फ्लायव्हील लागत नाही. फिरता रोटर हेच त्याचे फ्लायव्हील. एखादे इंजिन हातोड्याखाली आले की मोटारीने हट्टाने वेग टिकवायचा नसतो, तिने किंचित नमायचे असते. त्यासाठी पुष्कळ श्रेडरांच्या मोटारींना द्रवाचा रिओस्टॅट जोडतात: सोड्याच्या पाण्याची टाकी आणि तीत वर-खाली होणारे इलेक्ट्रोड. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या गोदीतील श्रेडर जगातील सर्वांत मोठ्यांपैकी एक, सुमारे 10,000 अश्वशक्तीचा. म्हणजे ‘रिव्हर डॉन’च्या जवळपास पोहोचणारा, फक्त काम नेमके उलटे.

1969 मध्ये न्यूकॉर कंपनीने दक्षिण कॅरोलायनातील डार्लिंग्टन येथे भंगारावर चालणारी विजेची भट्टी सुरू केली. अशा छोट्या कारखान्यांमुळे फाडलेल्या गाड्यांना कायमचे गिऱ्हाईक मिळाले. आज भारतही असे भंगार परदेशांतून आयात करतो. जालन्याच्या सळई कारखान्यांचे मोठे खाद्य भंगारच आहे. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये कोणाची गाडी आहे, हे विचारण्याची सोय नाही.

मर्क्युरी-आर्क रेक्टिफायर आणि पुढे थायरिस्टर आल्यावर इल्ग्नरच्या अवजड चाकांची गरज उरली नाही. त्या चाकांचे पुढे काय होणार, हे भंगारवाल्याला विचारायला नको.

तसाच प्रसंग डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीवर ओढवला होता. ब्रुनो म्योरिंग यांनी घडवलेल्या तिथल्या लोखंड-काचेच्या यंत्रगृहात 1902 च्या ड्युसेलडॉर्फ प्रदर्शनात मांडलेला विजेचा पाळणा-यंत्रसंच होता, संगमरवरी स्विचबोर्ड होता. खाण 1966 मध्ये बंद पडली आणि यंत्रगृह पाडायचे ठरले. स्थानिक लोक, कलावंत, बेर्न्ट आणि हिला बेखर हे छायाचित्रकार दांपत्य, सगळे आडवे आले. 1969 च्या अखेरीस त्या यंत्रगृहाला संरक्षण मिळाले आणि जर्मनीत औद्योगिक वारसा जपण्याची सुरुवात तिथूनच मानली जाते. पाळण्याचे यंत्र अजूनही जागेवर आहे.