पाळत, दार आणि कॅमेरा

आजचा विषय सीसीटीव्हीचा आहे, पण सुरुवात मी कॅमेऱ्यापासून करणार नाही. सुरुवात करायची आहे ती उत्तर प्रदेशातल्या एका दारावर रात्री पडणाऱ्या थापेपासून.

खरक सिंग या गृहस्थांना १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून अटक झाली. पुरावा मिळाला नाही, सोडून दिलं. खटलासुद्धा उभा राहिला नाही. पण पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली आणि तिथल्या पोलीस नियमावलीतला नियम २३६ त्यांना लागू केला. यात काय काय येतं बघा : घरावर गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन तपासणी, सवयी आणि उत्पन्नाची चौकशी, गावाबाहेर गेले तर चौकीदाराने त्याची खबर देणं. शिपाई रात्री येत, दार ठोठावत, ओरडून उठवत. अनेक वर्षं हे सोसल्यावर खरक सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले.

१८ डिसेंबर १९६२ला निकाल लागला. सहा न्यायमूर्ती होते. (त्यातले न्या. मुधोळकर हे अमरावतीच्या रावबहादूर मुधोळकरांचे चिरंजीव, बहुमताच्या बाजूचे.) रात्रीची घरझडती सगळ्यांनीच घटनाबाह्य ठरवली. कारण दोन : झोपलेल्या माणसाच्या दारावर थाप मारणं हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे; आणि ही नियमावली म्हणजे कायदा नव्हे, खात्याच्या नुसत्या सूचना. पण बाकीची पाळत? न्या. अय्यंगार यांनी बहुमताच्या वतीने सांगितलं की, माणूस कुठे जातो हे लांबून बघितल्याने त्याचं जाणं-येणं अडत नाही, आणि खासगीपणाचा हक्क काही आपल्या घटनेत दिलेला नाही. थोडक्यात, अंगाला हात लागला, दार वाजलं, तर हक्काला धक्का. नुसत्या नजरेने धक्का लागत नाही.

मला या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो न्या. सुब्बा राव यांचं भिन्नमत. न्या. शहा त्यांच्यासोबत होते. आपल्यावर नजर आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस मोकळेपणाने हिंडतो असं म्हणायचं कसं, असा त्यांचा मुद्दा. मनावरचा दाबही दाबच. त्यांनी नियम २३६ सगळाच रद्द केला असता. तत्त्वज्ञान शिकवताना शरीर आणि मन यांचा संबंध समजावायला आम्हाला देकार्तकडे जावं लागायचं. इथे तो प्रश्न पोलीस चौकीवर उभा होता!

आणि हा दाब महाराष्ट्राला नवा नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची पुढची रूपं मुंबई इलाख्यातही लागू झाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत, रोजची हजेरी, परगावी जायला परवाना. १९५२ साली कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली. संशय मात्र गेला नाही. हिस्ट्रीशीट आधी कोणाची उघडली जाते, हे पारधी वस्तीवर विचारा.

आता कॅमेऱ्याकडे या. २६/११ नंतर मुंबईत जागोजागी कॅमेरे हवेत ही मागणी जोर धरू लागली आणि २०१६ मध्ये साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे शहरावर नजर ठेवू लागले. ती मागणी खोटी होती असं मी म्हणणार नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचं चित्रण कसाबच्या खटल्यात पुरावा म्हणून आलंच. पण फरक लक्षात घ्या. नियम २३६ला निदान एक नाव लागत होतं. आधी संशय, मग पाळत. कॅमेरा आधी सगळ्यांचंच टिपून ठेवतो, संशयित मागाहून शोधता येतो. चेहरा ओळखणारी यंत्रणा जोडली की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची हिस्ट्रीशीट तयार होऊ शकते, फक्त ती उघडायची बाकी असते. दार वाजतच नाही, त्यामुळे १९६२च्या मोजपट्टीने काहीच घडलेलं नसतं.

ती मोजपट्टी बदलायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि खरक सिंग निकालातला तो विरुद्ध भाग पुसला. माणूस रस्त्यावर आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्यात आलं. सरकारला हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा.

पहिलीच अट घ्या : कायदा. सार्वजनिक जागी पोलिसांनी लावलेल्या कॅमेऱ्यांसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, पण राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे ज्याच्यापासून राखायचं, त्याच्याच हातात किल्ली.

नियम करता येत नाहीत असंही नाही. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, कोठडीतल्या मारहाणीला आळा बसावा म्हणून. कुठे कुठे लावायचे (फाटक, कोठडी, व्हरांडा), आवाज टिपायचा का, चित्रण किती काळ जपायचं (शक्यतो अठरा महिने, वर्षाच्या आत तर नाहीच), देखरेख कोणी करायची, सगळं त्या आदेशात लिहिलेलं आहे. ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्याबद्दल एवढं बारकाईने लिहिता आलं. ठाण्याबाहेरच्या चौकातल्या कॅमेऱ्याबद्दल तसा कागद मागायचा झाला, तर खरक सिंगांना बोट ठेवायला नियम २३६ तरी होता. तुम्ही-आम्ही कोणत्या नियमावर बोट ठेवणार?