मवाल्यांचा सवाल

वडप्याच्या गोदामांत गोणी उचलून दमलेली आपली पोरं म्हणतात, सटवीनं पाचवीला लिहिलं ते चुकत नाही. शेजारी लागलेला भिवंडीचा मोमीन 'तकदीर' म्हणतो. मी दोन्ही ऐकतो. शब्द दोन, ठेकेदाराचा फायदा एकच. म्हणून मित्रहो, या तकदीरचा जुना इतिहास आपण वाचला पाहिजे. तिच्यापायी माणसांचे हातपाय तुटलेत.

इ.स. ६६१ ते ७५० दमास्कसला उमय्या घराण्याची सत्ता होती. तलवारीनं मिळवलेली. पण त्यांचे भाट गात, की ही अल्लानंच नेमून दिलीय. मग जुलूम झाला तर तक्रार कुणाकडं करता? बसऱ्याचा माबद अल-जुहानी म्हणाला, कृत्य माणसाचं, जबाबदारीही माणसाचीच. ७००च्या आसपास त्याला मारलं.

त्याच्यामागून आला घैलान दमिश्की. हा मवाली. मवाली म्हणजे अरब नसलेले, धर्मांतर करून अरब टोळीच्या आश्रयानं जगणारे लोक. मुसलमान झाले तरी त्यांच्यातल्या अनेकांकडून जिझिया वसूल होई. आपल्याकडं शिवी म्हणून वापरतात तो शब्द हाच. धर्म बदलला तरी पायरी तीच, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. खलिफा कुरैश कुळातलाच हवा हेही घैलाननं नाकारलं, असं बाराव्या शतकातला शहरस्तानी नोंदवतो. खलिफा हिशामनं (७२४–७४३) हातपाय तोडून त्याला ठार केलं.

पुढं वासिल बिन अता (मृत्यू ७४८) आणि त्याचे मुतझिला. त्यांचा हिशेब सरळ: देव न्यायी असेल, तर स्वतःच करवून घेतलेल्या पापाबद्दल माणसाला नरकात कसा घालील? पण ८३३ साली खलिफा मामून त्यांच्या बाजूनं झाला, कुराण निर्मित आहे हे कबूल करा म्हणून चौकशा बसल्या, आणि पुढच्या खलिफानं इमाम अहमद बिन हंबलला फटके मारवले. हे लपवायचं नाही. माणूस मोकळा म्हणणारेच चाबूक घेऊन उभे राहिले. नंतर अशअरीनं तोड काढली: कृत्य देव घडवतो, माणूस ते 'कमावतो'. मला ही पटत नाही. कमाई माणसाच्या नावावर, तिजोरी देवाची!

आपल्याकडचा डाव याहून बेरकी. उमय्यांनी बोट वर दाखवलं. छांदोग्य उपनिषद सांगतं, वाईट आचरणाचे लोक कुत्र्याच्या, डुकराच्या नाहीतर चांडाळाच्या योनीत जन्मतात. म्हणजे तू मोकळा होतास बाबा, पण गेल्या जन्मी! देव सुटला, भटही सुटला, आरोपी उरला तो गावकुसाबाहेरचा. बाबासाहेबांनी हे नेमकं पकडलं. १९५७ला निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाचा मानत नाहीत. गोरगरिबांच्या हालाची जबाबदारी राज्यानं नि समाजानं झटकावी, एवढाच त्यांना त्याचा उपयोग दिसतो.

वडप्यावरून जाणारा हमरस्ता नाशकाला पोचतो. त्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी जाहीर केलं होतं, की हिंदू म्हणून जन्मणं हाती नव्हतं, हिंदू म्हणून न मरणं हाती आहे. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात लाखोंनी ते करून दाखवलं.