हिप्परग्याचा बांध

एकरुख तलाव म्हटलं तर सोलापूरकर क्षणभर थांबतो, हिप्परगा म्हटलं की लगेच ओळखतो. आदिला नदीवरचा हा मातीचा बांध इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये पुरा झाला. कोरड्या मुलखाला पाणी मिळावं म्हणून. आता खालच्या बाजूला शहर पसरलंय आणि तोच बांध त्याची राखण करतोय!

मातीच्या बांधाची गंमत अशी की पाणी माथ्यावरून गेलं तर तो बघता बघता कापला जातो. म्हणून सांडवा मोकळा हवा. बांधावर वाढलेली बाभूळ दिसायला बरी, पण तिची मुळं कुजली की पाण्याला आत वाट मिळते. घुशींच्या बिळांचंही तेच. पायथ्याशी झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ दिसलं तर समजावं, आतली माती चाललीय.

पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा ते नवंकोरं होतं. हा तर दीडशे वर्षांचा म्हातारा. पावसाळ्याआधी आणि नंतर धरणाची तपासणी २०२१ च्या कायद्याने सक्तीची केली, हे बरंच झालं. पण सांडव्यातून सुटलेलं पाणी शेवटी आदिलेच्याच पात्रातून जाणार ना? मला काळजी वाटते ती तिथल्या राडारोड्याची.