अरब उठाव : श्रेयनामावलीत गाळलेली नावे

पहिल्या महायुद्धातील अरब उठाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १९६२ च्या चित्रपटातील शुभ्रवेषधारी लॉरेन्स उभा राहतो. त्याचे धैर्य व बुद्धी निर्विवाद आहेत. परंतु गनिमी कावा हा एकट्याचा पराक्रम नसतो. त्यामागे दारूगोळा, प्रशिक्षण, वेतन आणि रसद यांची व्यवस्था असावी लागते, आणि ती उभी करणारी माणसे बहुधा विस्मरणात जातात.

जून १९१६ मध्ये मक्केचे शरीफ हुसेन यांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध बंड पुकारले. मदिनेतील तुर्की फौज सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या दमास्कस-मदिना रेल्वेवर विसंबून होती. या रेल्वेवरील पहिली गाडी सुरुंगाने उडविली ती फेब्रुवारी १९१७ मध्ये हर्बर्ट गार्लंडने. हा मूळचा धातुविद्येचा जाणकार. अरबांना आणि खुद्द लॉरेन्सलाही स्फोटकांचे धडे त्यानेच दिले. १९२१ मध्ये तो निवर्तला. लोहमार्गावर छापे घालणारा दुसरा अधिकारी, रॉयल इंजिनिअर्सचा न्यूकोम्ब, नोव्हेंबर १९१७ मध्ये तुर्कांच्या हाती सापडला. अकाबाचा तळ सांभाळला तो पिअर्स जॉइसने.

अर्थकारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. शरीफांकडून माणसाला दरमहा २ पौंड व उंटाला ४ पौंड दिले जात आणि योद्ध्यांच्या कुटुंबांचेही पोट भरले जाई. हे सोने ब्रिटिश खजिन्यातून येई.

मात्र सर्वाधिक अन्याय झाला तो अरबांवरच. ६ जुलै १९१७ रोजी अकाबा पडले. त्या मोहिमेचे नेतृत्व शरीफ नासिर यांच्याकडे होते आणि औदा अबू तायी यांच्या हुवैतात टोळीचे बळ तिच्या पाठीशी होते. जाफर अल-अस्करी हे तुर्की सैन्यातील अधिकारी १९१६ मध्ये ब्रिटिशांचे कैदी झाले. पुढे तुर्कांनी अरब देशभक्तांना फासावर चढविल्याचे समजताच ते उठावात सामील झाले. फैजलची नियमित सेना त्यांनीच बांधली. पुढे ते इराकचे दोनदा पंतप्रधान झाले.

आपल्याकडची माणसेही तेथे होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये यार्मुक खोऱ्यातील पूल उडविण्यासाठी निघालेल्या तुकडीत जमादार हसन शाह व त्यांचे हिंदी मशीनगनधारी होते. अंधारात एकाची बंदूक खडकावर आपटली, पहारेकरी जागा झाला आणि बेत फसला. सप्टेंबर १९१८ मधील दरआ परिसरातील लोहमार्ग तोडण्याच्या मोहिमेत गुरखे, इजिप्शियन उंटदळ व कॅप्टन पिसानीचे अल्जीरियन तोफची सहभागी होते.

आपला वाटा लहान होता, अशी कबुली खुद्द लॉरेन्सने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत देऊन अनेक सहकाऱ्यांची नावे नोंदविली. तरीही लोकांनी एकच नाव उचलले. याची किंमत केवळ भावनिक नव्हती. उठाव परक्या नायकाचा ठरला की त्याच्या फळावरील स्थानिकांचा हक्कही दुबळा भासू लागतो. जुलै १९२० मध्ये फ्रेंचांनी फैजलला दमास्कसमधून घालविले. अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती श्रेयाचे वाटप असते. म्हणून अहवालातील नामावली पूर्ण असणे हा सौजन्याचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.