बोंबलात इतिहास तो काय? एका माशामागे महाड-पोलादपूरपर्यंत



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. पेट सुटली, कोर्सवर्क होत आलं, पण विषयाला 'इतिहास' म्हणतील की नाही याची भीती वाटते. ही भीती मला चांगली माहीत आहे, म्हणून आज माझाच किस्सा सांगते.

माझ्या पहिल्या सादरीकरणात मी महाड-पोलादपूर भागातल्या सुक्या मासळीच्या बाजाराबद्दल बोलत होते. समितीतले एक सर म्हणाले, "समुद्र कुठे, पोलादपूर कुठे? आणि बोंबलात इतिहास तो काय?" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार! पण त्यांचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "'बॉम्बे डक' हे नाव डाकगाडीवरून पडलं असं तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलंय. हे नाव पहिल्यांदा छापलेलं कधी सापडतं, ते पाहिलंत का?"

मी पाहिलं नव्हतं. आजच्या लेखात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत, आधी दुसऱ्याचं.

एका तारखेने मोडलेली गोष्ट

गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. मुंबईहून सुके बोंबील डाकगाडीने जायचे, डब्याला वास सुटायचा, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि त्याचं पुढे 'बॉम्बे डक'. गोष्ट इतकी छान बसते की तपासावीशीच वाटत नाही.

आता तारखा मांडू. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 रोजी. आणि या माशाचं 'बॉम्बे डक' हे टोपणनाव 1829 मध्ये छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात आहे. म्हणजे गाडी यायच्या चोवीस वर्षं आधी नाव हजर! गोष्ट तिथेच संपली. मी माझ्या प्रपोजलचं पहिलं पान काढून टाकलं.

ही चूक कशामुळे झाली? मी नावाची गोष्ट वाचली, नावाची पहिली नोंद शोधली नाही. कुठल्याही शब्दाच्या जन्मकथेला आधी हा एवढाच प्रश्न विचारायचा: शब्द आधी की कारण आधी?

पहिली नोंद शोधताना मला त्याहून जुनं काहीतरी सापडलं. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर 1670 च्या दशकात मुंबईत होता, त्याचं पुस्तक 1698 मध्ये छापलं गेलं. माझगाव हे मासेमारीचं गाव 'बंबेलो' नावाच्या माशासाठी प्रसिद्ध आहे आणि तो गरिबांचं अन्न आहे, असं तो सांगतो. हे नाव आपल्या 'बोंबील'च्या किती जवळ आहे बघा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या नोंदीत मासा कोणाच्या ताटातला, हेही आहे.

मासा म्हणजे पुरावा

आता पहिला प्रश्न: समुद्र कुठे, पोलादपूर कुठे? इथे मी कागद बाजूला ठेवून माशाकडे वळले.

बोंबलाचं शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. हो, गंगेच्या! कारण हा मासा आपल्या किनाऱ्याला मिळतो तसा बंगालच्या बाजूलाही मिळतो. पश्चिमेला त्याचं खरं राज्य सौराष्ट्रापासून मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापर्यंत, रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो. मालवणकडच्या सुक्या मासळीत बोंबलाला आपल्याकडे आहे तेवढा मान का नाही, याचं एक कारण इथे मिळतं.

ताटातला मऊ, जवळजवळ जेलीसारखा बोंबील पाहून हा शिकारी मासा आहे असं कोणाला वाटणार नाही. पण ओल्या बोंबलाचं तोंड उघडून बघा. जबडा डोळ्यांच्या बराच मागपर्यंत फाकतो आणि आत बारीक, अणकुचीदार, आतल्या बाजूला वळलेले दात असतात. आत गेलेलं भक्ष्य बाहेर निसटू नये अशी ती रचना. तो जवळा खातो, कोलंबी खातो, लहान मासे खातो, आणि स्वतःच्या जातीची पिल्लंही सोडत नाही.

जवळ्याच्या मागे बोंबील येतो आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर दोघेही खाड्यांच्या तोंडाशी फिरतात. कोळ्यांनी हे ओळखून डोल लावली. डोल म्हणजे शंकूसारखं लांब पिशवीचं जाळं. त्याचं तोंड प्रवाहाच्या समोर पक्कं बांधतात. मासा शोधत हिंडायचं नाही, पाणीच त्याला जाळ्यात आणून टाकतं. ओढ थांबली की जाळं उपसायचं. म्हणून शिकारी बोंबील आणि त्याचं भक्ष्य जवळा एकाच जाळ्यात येतात. सुकल्यावरही बाजारात शेजारी-शेजारीच बसतात.

वजनाचा हिशोब

ओल्या बोंबलात शंभरातले जवळजवळ अठ्ठ्याऐंशी भाग पाणी असतं. त्यामुळे तो फार लवकर खराब होतो. बर्फाच्या आधीच्या काळात ओला बोंबील किनाऱ्यापासून लांब जाणं कठीणच. त्याच दिवशी खायचा, नाहीतर सुकवायचा. कोळी बाया दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर टांगतात. त्या मांडवाला वलांडी म्हणतात. ऊन आणि वारा बाकीचं काम करतात. बोंबलाला मीठही लागत नाही.

आता कागद-पेन्सिल घ्या. 100 किलो ओल्या बोंबलात पाणी सोडून उरतं 12 किलो. सुक्या बोंबलात साधारण 15 टक्के पाणी राहिलं असं धरलं, तर सुका माल होतो 14 किलोच्या आसपास. म्हणजे सात पाट्यांचं ओझं एका पाटीत आलं, आणि ते काही महिने टिकतं.

माझ्या मते त्या सरांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे. मासा सात पाट्यांचा एक पाटी झाला की तो डोक्यावर घेऊन डोंगरात चढता येतो. ओल्या मासळीचा बाजार किनाऱ्याला धरून राहतो, सुक्या मासळीचा बाजार पाय जातील तिथे जातो.

सावित्रीची वाट

उरलेलं निम्मं उत्तर नदीत आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत जाऊन बाणकोट आणि हरिहरेश्वरच्या मध्ये समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून खूप आतपर्यंत चढतं. त्या पाण्यावर दासगाव हे बंदर होतं आणि त्याच्या पुढे महाडची पेठ. महाडहून वरंधा घाटाने भोरकडे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जाता येतं. नकाशावर महाड समुद्रापासून लांब दिसतं, पण भरतीच्या हिशोबाने ते बंदराच्या शेजारचं गाव आहे.

ही पाण्याची वाट अगदी अलीकडेपर्यंत चालू होती याचा पुरावा मला मासळीच्या कागदात नाही, वेगळ्याच ठिकाणी मिळाला. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीने. 25 डिसेंबरला ते दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. चवदार तळ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ही प्रवासाची साधी नोंद वाटेल. माझ्यासाठी मात्र 1927 मध्ये मुंबई ते दासगाव बोट होती याचा तो पक्का पुरावा आहे. वेगळ्या कारणाने लिहिलेल्या मजकुरात आपल्या कामाची माहिती पडलेली असते, ती अशी.

पण इथे एक मोहही आहे. जेम्स फोर्ब्सचं 'ओरिएंटल मेम्वार्स' 1813 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात बोंबलाचा उल्लेख आहे, आणि बाणकोट-दासगावचं वर्णनही आहे. बाणकोट 1756 पासून इंग्रजांकडे होतं, त्यामुळे तो तिथे राहून गेला होता. मी आनंदाने वहीत लिहिलं, 'अठराव्या शतकात बोंबील दासगावला!' दोन दिवसांनी खोडलं. एका पुस्तकात दोन गोष्टी आल्या म्हणून त्या एकमेकींशी जोडलेल्या नसतात. फोर्ब्सला बोंबील माहीत होता आणि दासगावही माहीत होतं, एवढंच सिद्ध होतं. जोड मी लावली होती, त्याने नाही.

आगोट

आता आमच्या घरात या. मी पोलादपूर तालुक्यातली. आमच्याकडे मे महिना म्हणजे आगोटीची तयारी. पाऊस लागायच्या आधी लाकडं आत, कांदे टांगलेले, मिरच्या कुटलेल्या, आणि पत्र्याच्या डब्यात बोंबील, सुकट, जवळा. डबा उघडला की घरभर वास आणि मांजर पायात!

नदी दारात असताना सुकी मासळी कशाला, असं तुम्ही विचाराल. पहिल्या पावसात वलगणीचे मासे वर चढतात ते थोडेच दिवस. नंतर नदी दुथडी भरून वाहते, उन्हाळ्यात डोहांपुरती उरते. तिकडे किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या आणि ऊन नसल्याने वलांडी रिकामी. म्हणजे मासा सुकवायचा काळ दिवाळीच्या आसपासपासून मेपर्यंत, आणि गरज मात्र जूननंतर, लावणीच्या दिवसांत. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आलेल्या माणसाला नाचणीची भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला बोंबील पुरतो. तोच कुटून लसूण-मिरचीबरोबर चटणी होते. कोमट पाण्यात भिजवून, वांगं किंवा बटाटा घालून, आमसुलाचं कालवण होतं. श्रावण पाळणारी घरं मधे थांबतात, मग परत डबा उघडतो.

आजीची मुलाखत घेतली तेव्हा ती म्हणाली, "पूर्वी कोळणी भातावर सुकट द्यायच्या, पैसे कुठं होते?" हे 'पूर्वी' म्हणजे संशोधकाची डोकेदुखी. 'पूर्वी' कधी? मी तिला साल विचारलं नाही, विचारलं, "भूकंपाच्या आधी का नंतर?" कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. आमच्या भागातलं जुनं माणूस ती रात्र विसरत नाही. आजी लगेच म्हणाली, "आधी गं. भूकंपाच्या वेळी तर तुझा बाप रांगत होता, तेव्हा पैसे चालायला लागले होते." एका माणसाच्या आठवणीवर निष्कर्ष काढता येत नाही, पण तिला तारखेच्या एका बाजूला ठेवता येतं. आता मी प्रत्येक मुलाखतीत हाच प्रश्न विचारते.

कागदावर का नाही?

कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर 1883 चं. बंदरं, घाट, पेठा यांच्यासाठी ते मला रोज लागतं. पण गॅझेटिअर हे सरकारच्या कामासाठी लिहिलेलं असतं. जकातीच्या नाक्यावरून गाडीने गेलेला माल त्याला दिसणार. कोळणीच्या डोक्यावरून वाडीत गेलेली आणि भाताच्या मापाने विकलेली पाटी कुठल्या रजिस्टरात यायची?

दुसरी गाळणी जातीची. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचं अन्न मांडलं. ते वाचल्यावर लक्षात येतं की आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत कोणाची चूल नाही. दासगावच्याच रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत महाडच्या बाजारात आलेल्या अस्पृश्य माणसाला पाणीही मिळत नव्हतं, हे दिसतं. ज्या बाजारात पाण्यावर एवढी पहारेदारी होती, तिथे सुकी मासळी कोण कोणाकडून घेत होतं, कुठे बसून, कशाच्या बदल्यात? फ्रायरच्या 'गरिबांचं अन्न' या नोंदीपासून सुरू झालेला माझा प्रश्न इथे येऊन थांबला.

पुढच्या सादरीकरणात मी हाच प्रश्न शीर्षकात घातला. 'बोंबलाचा इतिहास' हे नाव काढलं आणि 'सावित्री खोऱ्यातील सुक्या मासळीचा बाजार: आगोट, अदलाबदल आणि जात' असं लिहिलं. तेच सर होते. या वेळी त्यांनी विचारलं, "मुलाखती किती घेणार?"

तुमच्या विषयाला कोणी हसलं तर रागवायच्या आधी त्या हसण्यातला प्रश्न वेगळा काढून वहीत लिहा. माझ्या वहीत अजून पहिल्या पानावर आहे: समुद्र कुठे, पोलादपूर कुठे? पुढच्या लेखात मुलाखतीची प्रश्नावली कशी केली ते सांगते. तोवर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आगोटीला डब्यात काय भरायचे, आणि ते 'पूर्वी' म्हणाले की गावातली एखादी पक्की तारीख पुढे करा.